पळून आलेल्या जवानाचा रिपोर्ट

माझ्या बहुतेक पक्षकारांनी पहिल्या भेटीत मला एकच प्रश्न विचारला आहे, "मोठे वकील कधी येतील?" महाडच्या कोर्टात मी काळा कोट चढवून उभी राहिले तेव्हा आमच्या बाररूममध्ये दुसरी बाई नव्हती. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं आणि आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. पक्षकार टेबलाशी यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि मी कुणा मोठ्या वकिलांची टायपिस्ट असणार असं समजून बाकावर वाट बघत बसायचा. मी त्याला चहा पाजायचे आणि मग हळूच सांगायचे, "मीच ती."

तालुक्याच्या वकिलाचं पोट खुनादरोड्यांवर चालत नाही, ते बांधावर चालतं. वरंधकडच्या दोन चुलतभावांचा एक फणस माझ्याकडं बरीच वर्षं होता. खोड एकाच्या वरकस जमिनीत, फांद्या दुसऱ्याच्या हद्दीत. मग खाली पडलेला फणस कुणाचा? एकदा मी तो फणसच पुरावा म्हणून कोर्टात हजर केला. तारीख पुढं गेली, फणस पिकला आणि सगळ्या कचेरीला वास सुटला. "पुराव्याची तातडीनं विल्हेवाट लावा," असा आदेश झाला. तो आम्ही सगळ्यांनी मिळून, दोन्ही चुलतभावांसह, मोठ्या आनंदानं पार पाडला. त्याच गऱ्यांवर त्यांची तडजोडही झाली.

पण हा लेख मागताना संपादकांनी विचारलं, वकिलीत कधी छाती धडधडली का? धडधडली! आजही ती दुपार आठवली की मी खुर्चीतून उठते आणि घरातल्या घरात फेऱ्या मारायला लागते.

पावसाळ्याचे दिवस होते. कोर्टाच्या व्हरांड्यात मी छत्री झटकत होते, तेवढ्यात एक बाई समोर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, काखेत भाकरीचं फडकं. तिनं काही विचारलं नाही, सरळ माझा हात धरला.

"बाय, माझ्या पोराला वाचव गो. मिल्ट्रीवाले न्यायला आलेत त्याला."

तिचं नाव लक्ष्मीबाई साळवी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावातली, बौद्धवाडीतली. नवरा तुकाराम साळवी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. मुलगा अशोक बापाच्याच वाटेनं भरती झालेला, घाटावरच्या एका छावणीत होता. परवा संध्याकाळी तो घाट उतरून घरी आला. अंगावर वर्दी नाही, पायात काही नाही. बापानं त्याला दारातच अडवलं.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"म्हनले, 'रजेवर आलास का पळून?' पोरगं म्हनलं, पळून. मंग पुढचा शबूद आयकलाच नाय त्यांनी. पडवीत बसवून ठेवलं नि सकाळी स्वता पोलादपूरच्या ठान्यात नेऊन दिलं. मी पोराच्या पायावर पानी घालाया गेले, तं तळवे काळेनिळे, सुजून भाकरीवानी फुगलेले. हात लावला तं कळवळला. म्हनला, आये, बाबांना सांगू नको."

"का नको?"

लक्ष्मीबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "त्याच्या बापानं ल्हानपनापासनं त्याला काय सांगितलं, ठावं हाय? गावानं नाय दिला तो मान पलटणीनं दिला. आता त्या पलटणीतच असं करत्यात, हे पोरानं बापाला कसं सांगावं गो?"

इथं थोडं कायद्याचं सांगायला हवं. जवान न सांगता निघून गेला की त्याच्या गावच्या पोलिसांना कळवलं जातं. पोलीस त्याला पकडतात, जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढं उभा करतात आणि लष्कराची माणसं येऊन त्याला ताब्यात घेतात. पोलादपूरचे आरोपी तेव्हा आमच्याकडं महाडला आणत. हे काम चहाचा कप संपायच्या आत उरकायचं. मॅजिस्ट्रेट विचारणार, "काही तक्रार?" जवान म्हणणार, "नाही." सही, शिक्का, ट्रक चालू.

आणि प्रत्येक पलटणीत एक कोठडी असते. तिला क्वार्टर गार्ड म्हणतात. गुन्ह्याचा संशय असलेल्या जवानाला तिथं ठेवतात. त्याला मारावं असं लष्कराचा कायदा कुठंच म्हणत नाही. उलट हाताखालच्या माणसाला मारहाण करणं हाच त्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कोठडीच्या आत कायदा किती पोचतो, ते कोठडीच्या दाराशी कोण उभं आहे यावर अवलंबून.

माझ्या हातात एकच हत्यार होतं. अटकेतल्या माणसानं मॅजिस्ट्रेटपुढं सांगितलं की माझ्यावर झालेल्या गुन्ह्याच्या खुणा अंगावर आहेत, मला डॉक्टरला दाखवा, तर मॅजिस्ट्रेटला ते मान्य करावं लागतं. मात्र ही मागणी त्यानं स्वतः करायची. आईनं केलेली चालत नाही, वकिलानं आपल्या मनानं केलेलीही चालत नाही.

व्हरांड्याच्या टोकाला दोन पोलिसांमध्ये अशोक बसला होता. विशीतला पोरगा, ओठ फुटलेला. मी वकीलपत्र पुढं केलं. "तुझ्या आईनं पाठवलंय मला." त्यानं लगेच सही केली. मनगटावरचा शर्ट सरकला आणि मला कातडं सोलून निघाल्यासारखी लाल रेघ दिसली, बांगडीसारखी गोल.

"हे कशानं झालं?"

"पडलो बाई."

"मनगटावर? दोन्ही?"

त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली. मी वळून पाहिलं. खांबाजवळ हवालदार तुकाराम साळवी ताठ उभे होते. कडक इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. मुलाला लष्कराच्या ताब्यात रीतसर देताना हजर असायला हवं म्हणून ते आले होते.

मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "हवालदारसाहेब, तुम्ही मुलाचे पाय पाहिलेत?"

त्यांनी माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "पळणाऱ्याचे पाय काय बघायचे, वकीलबाई?"

तेवढ्यात पुकारा झाला.

आमचे मॅजिस्ट्रेट कमी बोलणारे, सरळ गृहस्थ. समोर अशोकला न्यायला आलेल्या लष्करी तुकडीचे प्रमुख उभे होते, एक नायब सुभेदार. उंच, पिकलेल्या मिशांचे, उत्तरेकडचे. ते सारखे खिडकीबाहेर बघत होते. सकाळी ज्या वरंध घाटातून त्यांचा ट्रक उतरला होता तिथं मागाहून दरड कोसळल्याची बातमी आली होती. आता आंबेनळीनं वर जायचं तर लवकर निघायला हवं होतं.

"काही तक्रार?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"नाय साहेब," अशोक म्हणाला.

मी उठले. "साहेब, माझ्या पक्षकाराच्या अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत. त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी."

"बाई, तो तर तक्रार नाही म्हणतोय. त्यानं स्वतः मागायला हवं, हे तुम्हाला माहीत आहे."

"साहब, हमको आज ही पहुँचना है," सुभेदार अदबीनं म्हणाले.

मॅजिस्ट्रेटनी पेन उचललं. मला अजून ते पेन दिसतं! मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "साहेब, एकच विनंती. आरोपीला माझ्या टेबलापर्यंत चालत येऊ द्या. वकील म्हणून मला त्याच्याशी बोलायचं आहे."

"या," मॅजिस्ट्रेट त्याला म्हणाले.

पिंजऱ्यापासून माझं टेबल चार पावलांवर होतं. अशोक निघाला. पावलांच्या बाहेरच्या कडांवर भार देत, दात आवळून, तापलेल्या तव्यावरून चालावं तसा तो चालला. आणि मागून आवाज आला,

"जवान, थम!"

हवालदार साळवी दाराशी बाकांच्या मागं उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. नोकरीभर त्यांनी लांबच्या कूचनंतर आपल्या हाताखालच्या प्रत्येक जवानाचे पाय तपासले होते. शिपायाचे पाय गेले की शिपाई गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि फोड आलेले पाय कसे चालतात नि मारलेले पाय कसे चालतात, हेही.

"पाय दाखव!"

अशोकनं टेबलाचा आधार घेतला आणि एक पाऊल उलटं केलं. कोर्टाच्या कारकुनानं मान फिरवली.

"कोण आहेत हे? बाहेर काढा त्यांना," मॅजिस्ट्रेट म्हणाले, पण पट्टेवाला पुढं सरकला तसा त्यांनीच हात वर करून त्याला थांबवलं.

हवालदारांचा आवाज फुटला होता, तरी हुकूम हुकमासारखाच आला. "सावधान! जवान, साहेबांना रिपोर्ट दे!"

आणि तो पोरगा, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं, तो टाचा जुळवून सावधान झाला. आपला नंबर, हुद्दा, नाव सांगितलं. मग नजर समोरच्या भिंतीवर ठेवून बोलत गेला, अडखळला नाही.

"साहेब, कँटीनमधल्या रमच्या बाटल्या गेल्या. संशयावर मला आणि शिपाई बलदेवला क्वार्टर गार्डमध्ये टाकलं. चोरी कबूल करा म्हणून वेतानं मारलं. तळव्यांवर, पाठीवर. मनगटं बांधून गजाला टांगलं. पाणी मागितलं तर जमिनीवर ओतलं. बलदेवचा पाय मोडला साहेब, हाड दिसतंय. डॉक्टर आणला नाही, कारण डॉक्टर आला असता तर लिहिलं गेलं असतं. त्याला ताप हाय, तो बडबडतो. मला बाहेर काढलं तेव्हा मी भिंतीवरून उडी टाकली. मी पळालो नाय साहेब. मदत आणायला आलो, पण बाबांसमोर सांगवलं नाय. बलदेव अजून आतच हाय. मला डॉक्टरला दाखवा साहेब, माझी मागणी हाय."

माझी मागणी आहे! मला टेबलावर चढून ओरडावंसं वाटलं. मी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, आरोपीनं स्वतः मागणी केली आहे." माझा आवाज इतका मोठा आला की बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात गोळा झाली.

मॅजिस्ट्रेटनी तिथल्या तिथं आदेश दिला: आधी तपासणी, मग ताबा; आणि जबाबाची व तपासणीची प्रत लष्कराच्या वरच्या मुख्यालयाला.

मला वाटलं, आता सुभेदार भांडणार. ते अशोकजवळ गेले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "बलदेव अभी भी अंदर है?"

"हां साहब."

"ज़िंदा है?"

"मैं निकला तब था, साहब."

सुभेदार नुकतेच रजेवरून परतले होते. त्यांना फक्त 'भगोडा घेऊन या' एवढंच सांगून पाठवलं होतं. त्यांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि मला विचारलं, "मैडम, टेलिफोन किधर है?"

मग आमची जी धावाधाव झाली, ती महाडच्या बाजारपेठेनं पाहिली! अशोकला पोलीस आणि त्याचे वडील सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि मी नि सुभेदार भर पावसात टेलिफोन एक्स्चेंजकडं पळालो. पुढं मी, पदर खोचलेला, मागं बूट आपटत सुभेदार. दुकानदार फळ्यांवर उभे राहून बघत होते. एक्स्चेंजमधली ऑपरेटर मुलगी म्हणाली, "दरडीनं घाटावरची लाइन तुटलीय, बाई."

"मुंबईमार्गे लाव," मी म्हटलं. "लाइटनिंग कॉल. माणूस मरतोय."

लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी लागणारा कॉल. तरी मुंबई लागली, तुटली. पुन्हा लागली, भलत्याच नंबरावर गेली. त्या मुलीनं स्विचबोर्डाच्या खुंट्या काढल्या, घातल्या, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. सुभेदार भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभे. शेवटी तिनं रिसीव्हर पुढं केला. "छावणीचं हॉस्पिटल! बोला, लवकर बोला!"

सुभेदारांनी पलटणीला फोन लावला नव्हता, थेट मिलिटरी हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना लावला होता. आपल्या साहेबांना ओलांडून असं करणं म्हणजे त्या माणसानं आपली सगळी नोकरी त्या फोनवर ठेवली होती. "साहब, मैं ज़िम्मेदार हूँ," ते ओरडत होते. "क्वार्टर गार्ड में जवान मर रहा है। एम्बुलेंस अभी भेजिए। पूछिए मत, भेजिए!" पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि लाइन गेली.

"काय म्हणाले?" मी आणि ऑपरेटर एकदमच बोललो.

"बोले, खुद जाता हूँ।" आणि तो एवढा मोठा माणूस मटकन स्टुलावर बसला.

दवाखान्यात आमच्या सरकारी डॉक्टरांनी अशोकला पालथं झोपवलं होतं. नेहमी भरभर बोलणारे ते त्या दिवशी एकेक शब्द सावकाश उच्चारत लिहून घेत होते. मला त्यांनी जवळ बोलावून दाखवलं. वेताचा मार बसला की एक रेघ उठत नाही, दोन उठतात, शेजारी शेजारी, मधली जागा कोरी. पडून अशी जोडरेघ उमटत नाही. आणि काही वळ जांभळे होते, काही हिरवे, काही पिवळे पडत आलेले. म्हणजे एकदा मारून थांबले नव्हते. कोपऱ्यात हवालदार उभे होते. ते मुलाजवळ गेले नाहीत. डॉक्टरांनी एकेक वळ सांगितला की ते मान हलवत, जणू हे सगळं त्यांनाच पाठ करायचं होतं.

कायद्यानं अशोकला परत जावंच लागणार होतं. ट्रक सुरू झाला. हवालदार ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले. "मैं साथ चलूँगा, साहब."

"सिविलियन को मना है।"

"हवालदार तुकाराम साळवी, साहब." त्यांनी सॅल्यूट ठोकला.

सुभेदारांनी पदकांकडं पाहिलं, मग मागचा फळका स्वतः खाली पाडला. लक्ष्मीबाई पुढं धावल्या आणि नवऱ्याच्या हातात भाकरीचं फडकं कोंबलं. एवढ्या गोंधळात त्यांनी ते कधी सोडलंच नव्हतं. ट्रक पोलादपूरच्या रस्त्याला लागला.

दोन दिवसांनी तार आली. सुभेदारांची. बलदेव जिवंत होता. त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, पण तो जिवंत होता! मी ती तार घेऊन थेट एक्स्चेंजमध्ये गेले आणि त्या मुलीच्या हातात दिली. ती खुंट्या सोडून रडायला लागली आणि महाडचे सगळे कॉल घटकाभर थांबले.

पुढचं काम लांबलं. चौकशी बसली, मग कोर्ट मार्शल, मारणाऱ्यांचं वेगळं आणि अशोकचं वेगळं. लष्कराच्या त्या कोर्टात आरोपीला आपला वकील नेता येतो, म्हणून मी घाट चढून छावणीत गेले. पहिल्या दिवशी तिथल्या पहारेकऱ्यानं मला अशोकची बहीण समजून बाहेरच बसवलं होतं. सुनावणीच्या आधी एका अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं. गोड बोलला. भिंतीवरून उडी टाकताना पडलो एवढं पोरानं म्हटलं तर पळाल्याचा आरोप मिटवू, नोकरी राहील, पेन्शन राहील. पक्षकारासाठी आलेला निरोप त्याला सांगणं हे वकिलाचं काम. मी सांगितला. सल्ला मात्र मला देता येईना. बापाच्या तुटपुंज्या पेन्शनीशिवाय घरात दुसरी कमाई नव्हती आणि मी पाहिलं होतं ते घर.

अशोकनं फार विचार केला नाही. "बाई, मी पडलो म्हनलो, तर बलदेवचा पाय कशानं गेला?"

त्यानं साक्ष दिली. आमचे डॉक्टर महाडहून आले, त्यांनी दिली. कुबड्यांवर बलदेव आला, त्यानं दिली. सुभेदारांनीही दिली, त्यांना त्यानंतर बढती मिळाली नाही, हे मला फार मागाहून कळलं. मारणाऱ्या दोघांना शिक्षा झाली, त्यांची नोकरी गेली. ज्याच्या हुकमानं हे चाललं होतं त्या कॅप्टनची फक्त बदली झाली. 'माझ्या कानावर आलं नव्हतं,' एवढं वाक्य त्याला पुरलं. अशोकच्या खटल्यात मी त्याला तासभर प्रश्न विचारले आणि तरी ते वाक्य मला फोडता आलं नाही. ते मला अजून डाचतं. चोरी सिद्ध झालीच नाही. पण कोठडीतून निघून गेल्याबद्दल अशोकला काही महिन्यांची कैद झाली आणि नंतर त्याला सैन्यातून कमी केलं. पेन्शन नाही. निकाल ऐकताना मी खाली बघत होते आणि तो माझ्याकडं बघून हसत होता.

त्यानंतर त्या भागातले कितीतरी जवान, माजी जवान, त्यांच्या बायका माझ्याकडं येऊ लागल्या. कुणाची अडकलेली पेन्शन, कुणाचा बेपत्ता भाऊ. बाररूममध्ये मला 'मिल्ट्रीवाल्या बाई' नाव पडलं. मला ते आवडायचं.

अशोक सुटून आला त्या दिवशी मी एका जमिनीच्या पाहणीसाठी पोलादपूरला गेले होते. एसटी स्टँडवर हवालदार उभे दिसले. त्याच इस्त्रीच्या कोटात, पदकांसह. गावात तोवर बोलणी चाललीच होती. हवालदाराचं पोर पळपुटं निघालं, म्हणून वाडीतलीसुद्धा माणसं कुजबुजायची. गाडी आली. अशोक उतरला, हडकलेला, हातात पत्र्याची काळी ट्रंक. बापलेक एकमेकांसमोर उभे राहिले. मग हवालदारांनी ती ट्रंक त्याच्या हातातून घेतली आणि चुंबळ न घेता थेट आपल्या डोक्यावर ठेवली.

"बाबा, द्या इकडं. लोकं बघत्यात."

"बघू दे. चल तू."

भर बाजारातून ते निघाले. पुढं डोक्यावर ट्रंक घेतलेले, पदकं लावलेले हवालदार, मागं हळूहळू चालणारा अशोक. त्याच्यासाठी बापानं आपली चाल कमी केली होती. चहाच्या दुकानाच्या ओट्यावरून कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय हवालदार, पोरगं रजेवर आलं काय?"

हवालदार थांबले. डोक्यावरच्या ट्रंकेसकट वळले.

"रजेवर नाय," ते म्हणाले. "काम पुरं करून आलाय."